नाबाद हंगाम, शेवटचा हंगाम : सॅन फ्रान्सिस्को डॉन्स, 1951

नोव्हेंबर 1951 च्या अखेरीस युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉल संघाने पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानावर लोयोला विद्यापीठाला 20-2 असं हरवलं. हंगामातला हा नववा सामना आणि नववा विजय. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही. या संघाला सगळे ‘डॉन्स’ म्हणत. पुढच्या काही आठवड्यांत विद्यापीठाने हा संघच बंद केला. नऊपैकी नऊ सामने जिंकणारा संघ बंद का पडतो, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात मिळतं. संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, त्यांना वगळायला बाकीच्यांनी नकार दिला, म्हणून मोठ्या सामन्याचं निमंत्रण आलं नाही, पैसे आले नाहीत आणि संघ गेला.

या वाक्यातलं बरंचसं खरं आहे. पण ‘म्हणून’ हा शब्द त्यात फार घाईने येतो. माझ्या मते या प्रकरणात खरा अभ्यास त्या ‘म्हणून’चा करायला हवा.

आधी खेळाविषयी थोडं, कारण हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. कबड्डीत चढाईवाल्याला जसं घेरून पाडतात तसं इथे चेंडूवाल्याला पाडतात, फक्त अंगावर येणारी माणसं शंभर-शंभर किलोंची असतात. अमेरिकेत हा खेळ कॉलेजांनी मोठा केला. 1951 मध्ये व्यावसायिक लीग होती, पण शनिवारच्या कॉलेज सामन्यांचा मान तिच्यापेक्षा मोठा होता. हंगाम संपला की नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना ‘बोल’ सामन्यांचं बोलावणं येई. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून हे नाव पडलं. रोझ, ऑरेंज, शुगर, कॉटन, गेटर अशी त्यांची नावं. रोझ बोल सोडला तर यातले सगळे दक्षिणेकडच्या राज्यांत भरत. बोलावणं कुणाला धाडायचं हे स्थानिक समिती ठरवायची. गुणतक्ता नाही, पात्रता फेरी नाही. समितीचं मन हाच नियम.

टेकडीवरचा संघ

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे जेझुइट पाद्र्यांनी 1855 मध्ये सुरू केलेलं कॅथलिक विद्यापीठ, शहरातल्या एका टेकडीवर वसलेलं. सरकारी पैसा नाही, स्वतःचं मोठं स्टेडियम नाही. घरचे सामने गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यातल्या केझार स्टेडियमवर व्हायचे. हे धुक्याचं मैदान, आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर समुद्रपक्षी घिरट्या घालायचे. प्रशिक्षक जो कुहारिक कडक शिस्तीचा माणूस होता. प्रसिद्धीचं काम पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण सांभाळायचा.

संघातला मोठा तारा म्हणजे ऑली मॅटसन. टेक्ससमध्ये जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला हा धावपटू अंगाने दणकट होता आणि तरीही वाऱ्यासारखा पळायचा. एरवी या खेळात दोन्ही एकत्र मिळत नाहीत. जड माणूस भिडतो, हलका माणूस निसटतो. मॅटसन भिडायचा आणि भिडून निसटायचा. दुसरा बर्ल टोलर. हा टेनेसीमधल्या मेम्फिसचा, बचावफळीतला खांब. हे दोघे कृष्णवर्णीय. बाकीच्यांत जीनो मार्केटी होता, जो दुसऱ्या महायुद्धात ‘बॅटल ऑफ द बल्ज’मध्ये मशीनगन चालवून परतला होता. सहा फूट नऊ इंच उंचीचा बॉब सेंट क्लेअर होता. चेंडू फेकणारा एड ब्राऊन होता. मार्केटीसारखा बर्फात युद्ध लढून आलेला माणूस आणि काल शाळा सोडलेला पोरगा एकाच रांगेत उभे असत. युद्धानंतरच्या कॉलेज संघांची ही खास घडण होती. प्रशिक्षकाच्या ओरडण्याने सहजी न बिचकणारी माणसं या संघात होती आणि पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा वाटा आहे असं मला वाटतं.

नऊ सामने

सुरुवात सॅन होजे स्टेटविरुद्ध 39-2 अशी झाली. आयडाहोला 28-7 ने हरवलं, कॅम्प पेंडलटनच्या मरीन सैनिकांच्या संघाला 26-0 ने. मग पुन्हा सॅन होजे, या वेळी 42-7.

ऑक्टोबरमध्ये संघ देश ओलांडून न्यूयॉर्कला फोर्डमविरुद्ध खेळायला गेला. या सामन्यापाशी थोडं थांबायला हवं. देशातले वजनदार क्रीडालेखक पूर्व किनाऱ्यावर बसत आणि पश्चिमेच्या लहान कॉलेजांकडे त्यांचं लक्ष क्वचितच जायचं. रोझेलला हे चांगलं ठाऊक होतं आणि मॅटसनला या लेखकांच्या डोळ्यांसमोर आणायची हीच संधी होती. फोर्डमने झुंज दिली, निकाल 32-26 असा अटीतटीचा लागला. दोन संघांतला फरक एकट्या मॅटसनचा होता. फोर्डमने किकऑफ केला, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्याच्या ताब्यात दिला. मॅटसनने तो आपल्या टोकाजवळ झेलला आणि अख्खं मैदान पार करून टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. हे एकदा झालं असतं तर योगायोग म्हणता आला असता. त्याच सामन्यात ते दुसऱ्यांदा झालं. किकऑफला अकराच्या अकरा जण चेंडूवाल्याच्या दिशेने पूर्ण वेगाने धावत येतात. त्या भिंतीत फट दिसायला अर्धा क्षण मिळतो. ती फट ओळखणं, पाय न अडखळता तिच्यातून जाणं आणि मग नव्वद-एक यार्ड मागच्यांना हाती न लागणं हे एका दुपारी दोनदा करणारा माणूस न्यूयॉर्ककरांनी पाहिला.

त्या हंगामात मॅटसनने 1,566 यार्ड धावून काढले आणि 21 टचडाउन केले. दोन्हींत तो देशात पहिला. शिवाय बचावालाही तो मैदानात असायचा. तरी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन पारितोषिकाच्या मतदानात तो नववा आला.

पुढे सॅन दिएगोच्या नौदल संघाला आणि सांता क्लारालाही सारख्याच 26-7 ने हरवलं. नंतर स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा 47-14 असा धुव्वा उडवला. पॅसिफिकचा संघ तगडा मानला जात होता आणि बोल समित्यांची नजर या सामन्याकडे होती. लोयोलाचा सामना त्यानंतरचा. देशाच्या क्रमवारीत डॉन्स चौदावे आले.

बोलावणं

लोयोलाविरुद्ध ते रोझ बोल मैदानावर खेळले, पण नववर्षाच्या रोझ बोल सामन्याचं दार त्यांच्यासाठी आधीच बंद होतं. 1946 च्या करारानुसार तिथे पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स आणि बिग टेन या कॉलेजांच्या दोन गटांचेच संघ खेळणार होते आणि डॉन्स कुठल्याच कॉन्फरन्सचे नव्हते. शेजारच्या स्टॅनफर्डला ते स्थान मिळालं आणि इलिनॉयने त्यांना 40-7 ने हरवलं. राहिले दक्षिणेतले बोल.

खेळाडूंनी पुढे आयुष्यभर सांगितलेली हकीगत अशी. ऑरेंज बोलकडून विचारणा झाली होती, पण अट होती की मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या. कुहारिकने हे संघाच्या कानावर घातलं. मतदान झालं नाही, चर्चा झाली नाही. मार्केटी आणि सेंट क्लेअर दोघांनीही पुढे अनेकदा सांगितलं की असा प्रश्न विचारला जाऊ शकतो हेच त्यांना पटत नव्हतं. नकार एका आवाजात गेला.

हा नकार थोर होता असं सगळे लिहितात आणि तो थोर होताच. पण खेळाडूंच्या तोंडून ऐकताना त्यात त्यागाचा सूर कुठेच लागत नाही. तीन वर्षं एकत्र घाम गाळलेल्या दोघांना मागे सोडून पंगतीला जायचं, हा विचारच त्यांच्या डोक्यात शिरला नाही. तत्त्वापेक्षा घरच्या माणसाबद्दलची ती साधी निष्ठा होती. मला ती तत्त्वापेक्षा भरवशाची वाटते.

आता समित्यांची बाजूही मांडायला हवी, कारण ती पूर्ण खोटी नव्हती. डॉन्सचं वेळापत्रक हलकं होतं. लष्करी तळांचे दोन संघ त्यात होते, स्टॅनफर्ड किंवा कॅलिफोर्नियासारखी बडी विद्यापीठं नव्हती. म्हणून प्रतिस्पर्धी कमकुवत होते हे कारण सहज पुढे करता येत होतं. पण मग बोलावलं कुणाला ते पाहा. ऑरेंज बोलला जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले. ते खरोखर चांगले संघ होते. गेटर बोलला मात्र मायामी आणि क्लेम्सन खेळले, आणि या दोघांनी मिळून त्या हंगामात पाच सामने गमावले होते. तिथे वेळापत्रकाचं कारण टिकत नाही.

त्या शरद ऋतूतली हवा कशी होती तेही सांगायला हवं. त्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमात ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट चेंडूपासून लांब उभा असताना त्याच्या तोंडावर ठोसा मारून त्याचा जबडा मोडला गेला. त्या क्षणांची छायाचित्रं छापून आली आणि पुढे छायाचित्रकारांना पुलित्झर मिळालं, म्हणून ते प्रकरण दाबता आलं नाही. ब्राइटवरचा ठोसा कॅमेऱ्यात सापडला. समितीच्या बैठकीत न उच्चारलेलं नाव कुठल्या कॅमेऱ्यात सापडणार?

तरीही दक्षिण सगळी एकसारखी होती असं म्हणणं चूक ठरेल. डॅलसच्या कॉटन बोलमध्ये 1948 मध्येच पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळले होते. डॉन्सनी 47-14 ने झोडलेल्या त्याच कॉलेज ऑफ द पॅसिफिकला टेक्ससमधल्या एल पासोच्या सन बोलचं बोलावणं आलं, आणि त्यांच्या संघात एडी मॅकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. म्हणजे दार उघडणं शक्य होतं. जिथे ते उघडलं नाही तिथे कुणीतरी ते न उघडायचं ठरवलं होतं. सगळा दोष ‘त्या काळावर’ टाकला की ठरवणारी माणसं नजरेआड होतात, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

पैशाचा हिशोब

आता त्या ‘म्हणून’कडे.

बोल सामन्याचा धनादेश मिळाला असता तर संघ वाचला असता, ही समजूत पक्की रुजली आहे. पण आसपासच्या कॉलेजांकडे पाहिलं की ती डळमळते. सेंट मेरीज हे खाडीपलीकडचं कॅथलिक कॉलेज 1946 मध्ये शुगर बोल खेळलं आणि 1950 च्या हंगामानंतर त्यांनी फुटबॉल सोडला. सांता क्लाराचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. जानेवारी 1950 मध्ये त्यांनी ऑरेंज बोलमध्ये केंटकीला 21-13 ने हरवलं. डॉन्सना जो धनादेश मिळाला नाही, नेमका तोच सांता क्लाराच्या हाती पडला होता. तरी 1952 नंतर तिथला फुटबॉलही संपला. लोयोलाने 1951 नंतरच गाशा गुंडाळला. फोर्डम 1954 पर्यंत तग धरून राहिलं. डॉन्सच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकातली ही तीन कॅथलिक विद्यापीठं तीन वर्षांत मोठ्या फुटबॉलमधून गेली.

कारणं खेळाच्या अर्थव्यवस्थेत होती. पूर्वी तेच अकरा जण हल्लाही करायचे आणि बचावही. युद्धकाळात खेळाडू हवे तसे बदलण्याची मुभा मिळाली, मग हल्ल्याचा वेगळा संघ, बचावाचा वेगळा. शिष्यवृत्त्या वाढल्या, प्रशिक्षक वाढले, प्रवासाचा खर्च वाढला. मोठ्या सरकारी विद्यापीठांना हे झेपलं. त्यांच्यामागे राज्य होतं, लाखभर माजी विद्यार्थी होते, स्वतःचं स्टेडियम होतं. टेकडीवरच्या जेझुइट विद्यापीठाकडे यातलं काही नव्हतं. 1951 मध्येच कॉलेज संघटनेने टीव्हीवरच्या थेट सामन्यांवर कडक बंधनं घातली. त्यामुळे लहान संघांना पडद्यावरून पैसा उभा करण्याची वाटही राहिली नाही. त्यात शहराचा व्यावसायिक संघ फॉर्टीनायनर्स 1946 पासून त्याच केझार स्टेडियमवर खेळत होता आणि 1950 मध्ये तो मोठ्या लीगमध्ये आला. तिकिटाचे पैसे खिशातून एकदाच निघतात. डॉन्ससारखा नाबाद संघ असूनही केझार भरत नव्हतं.

माझा निष्कर्ष असा की बोल सामन्याने डॉन्सना फार तर एक-दोन हंगाम मिळाले असते. बंद पडण्याचं मूळ कारण तोटा होतं. बोलावणं न येणं हे अपमानाचं कारण होतं, आणि हे दोन वेगळे मुद्दे आहेत. ते एकत्र केले की नकळत खेळाडूंच्या नकारावर संघ बुडवल्याचा भार पडतो. तो भार त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. ते मान खाली घालून ऑरेंज बोलसाठी फ्लोरिडाला गेले असते तरी सांता क्लाराच्याच वाटेने गेले असते.

याला आधार देणारी एक गोष्ट त्याच टेकडीवर घडली. फुटबॉल बंद झाल्यावर चारच वर्षांनी, 1955 मध्ये आणि पुन्हा 1956 मध्ये, याच विद्यापीठाने बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. बिल रसेल आणि के. सी. जोन्स हे त्याचे कणा, दोघेही कृष्णवर्णीय. बास्केटबॉलला पाच माणसं आणि एक सभागृह पुरतं. तिथे पैशाचं गणित जमलं आणि विद्यापीठाची धोरणं तशीच असताना संघ देशात पहिला आला.

लोयोलाबद्दलही एक नोंद करायला हवी. शेवटच्या सामन्यातल्या या प्रतिस्पर्ध्याने आदल्या वर्षी, 1950 मध्ये, एल पासोचा आपला सामना रद्द केला होता, कारण तिथे त्यांच्या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळू देणार नव्हते. म्हणजे 1951 च्या त्या नोव्हेंबरात रोझ बोल मैदानावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही संघांनी आपल्या माणसाला सोडून जायला नकार दिला होता किंवा लवकरच देणार होते. दोन्ही संघांचा तो शेवटचा सामना ठरला. प्रेक्षागृह त्या दिवशी जवळपास रिकामं होतं.

माणसं

संघ विखुरला, पण खेळाडू उठून दिसत राहिले. या एका संघातले नऊ जण व्यावसायिक लीगमध्ये खेळले, आणि मॅटसन, मार्केटी व सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. मार्केटी आणि मॅटसन 1972 मध्ये एकत्रच. प्रशिक्षक कुहारिक शिकागो कार्डिनल्सकडे गेला आणि त्याच संघाने मॅटसनला निवडलं.

त्याआधी मॅटसनने 1952 चा उन्हाळा धावण्यासाठी राखून ठेवला. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 400 मीटरचं कांस्य आणि 4×400 रिलेचं रौप्य मिळवलं. याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, तेही कांस्यच, जिंकलं. जवळच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठवलं होतं. मॅटसन आणि खाशाबा एकाच आठवड्याभराच्या अंतराने एकाच शहरातून कांस्य घेऊन परतले, हे वाचताना मला उगाच आनंद होतो. पुढे 1959 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊ खेळाडू दिले. तो सौदा करणारा रॅम्सचा व्यवस्थापक म्हणजे डॉन्सचा जुना प्रसिद्धीवाला पीट रोझेल.

टोलरचं नशीब वेगळं निघालं. क्लीव्हलँड ब्राऊन्सने त्याला निवडलं होतं, पण 1952 च्या उन्हाळ्यात शिकागोच्या ऑल-स्टार सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि एकही व्यावसायिक सामना न खेळता कारकीर्द संपली. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला आणि पुढे मुख्याध्यापकही. 1965 मध्ये लीगने त्याला पंच म्हणून घेतलं. लीगचा आयुक्त तेव्हा पीट रोझेलच होता. त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणजे टोलर.

2006 मध्ये विद्यापीठाने 1951 च्या संघाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. तोपर्यंत बरेच जण गेले होते.

पण मला त्याआधीचा एक दिवस जास्त आठवतो. 20 जानेवारी 1980. व्यावसायिक लीगच्या अंतिम लढतीचा, म्हणजे सुपर बोलचा, चौदावा सामना, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स. लाखाहून जास्त प्रेक्षक. काळे-पांढरे पट्टे घातलेला बर्ल टोलर त्या दिवशी हेड लाइन्समन, म्हणजे बाजूच्या रेषेवरचा पंच, म्हणून मैदानात होता. सुपर बोलमध्ये काम करणारा पहिला कृष्णवर्णीय पंच. सामना संपल्यावर चषक रोझेलने दिला. मैदान पॅसाडेनाचं रोझ बोल होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी टोलरने तिथेच डॉन्सच्या पोशाखात आपला शेवटचा सामना खेळला होता.